मलेरियाच्या गोळ्यांनंतर लघवी काळी झाली, किडनी कायमची जाते का?

बहुतेकदा जात नाही. पण तुम्ही लिहिलंय की भावाचा प्रायमाक्विनचा तिसरा दिवस आहे, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय आणि डॉक्टर 'कोर्स पूर्ण करा' म्हणतायत. आजची गोळी देऊ नका. जिथे डायलिसिसची सोय आहे अशा हॉस्पिटलात त्याला आत्ताच घेऊन जा. बाकीचं तिथे पोचल्यावर वाचा.

मी पनवेलला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझ्या भाच्याला पावसाळ्यात व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया झाला. क्लोरोक्विन ३ दिवस, प्रायमाक्विन १४ दिवस, नेहमीचंच. ताप उतरला आणि डोळे पिवळे झाले, कंबर दुखायला लागली. जवळच्या डॉक्टरांनी 'उष्णता आहे, ताक पाजा' म्हणून वाटेला लावलं. दाजी त्याला काविळीच्या झाडपाल्याच्या औषधाला घेऊन गेले. एका लॅबने रक्त घेतलं आणि 'सॅम्पल हिमोलाइज्ड (म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या), पुन्हा पाठवा' असा शेरा मारला. पुन्हा घेतलं, पुन्हा तोच शेरा.

मग मी स्वतः घेतलं. जाड सुई लावली, हाताला बांधलेला पट्टा लगेच सोडला, पिस्टन सावकाश ओढला. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली तर वरचं सीरम लालच. मग लघवी फिरवली. लघवीत नुसता रक्तस्राव असेल तर पेशी तळाला बसतात आणि वरचा भाग निवळतो. इथे वरपासून खालपर्यंत तोच काळपट रंग. पट्टीवर रक्त तीन प्लस, आणि मायक्रोस्कोपखाली एकही तांबडी पेशी दिसेना. पेशी आमच्या नळीत फुटत नव्हत्या, पोराच्या अंगात फुटत होत्या. हे ओळखायला कुठलंही महागडं मशीन लागत नाही. तरीही तेवढा वेळ वाया गेला, त्याचा राग अजून जात नाही.

पेशी फुटल्या की बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन रक्तातलं हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं. ते संपलं की मोकळं हिमोग्लोबिन किडनीतून गाळलं जातं, बारीक नलिकांत साकळून अडकतं, त्यातल्या लोहाने नलिकांना इजा होते. वर रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे किडनीला रक्तही कमी. ताप-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असेल तर आणखी वाईट. भाच्याचं हिमोग्लोबिन १३ वरून ६ वर आलं, किडनी नीट गाळत नसली की वाढणारं क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं. पोटॅशियम वाढलं तेव्हा डायलिसिसवर घ्यावं लागलं, रक्त चढवावं लागलं. मग हळूहळू लघवी सुटली. नलिकांच्या पेशी पुन्हा तयार होतात, म्हणून सुरुवातीला 'बहुतेकदा जात नाही' म्हटलं. आज त्याचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे.

आता जी-६-पीडीच्या टेस्टबद्दल (तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणारं हे एन्झाइम), कारण तुम्हालाही हाच घोळ घालतील. भाचा अ‍ॅडमिट असताना ही टेस्ट नॉर्मल आली. दाजी तो कागद अजून नाचवतात: 'तुझं काही खरं नाही, गोळ्याच भेसळीच्या होत्या.' अहो, हे एन्झाइम सगळ्यात कमी असतं ते म्हाताऱ्या पेशींत, आणि आधी फुटतात त्या त्याच. मागे उरतात त्या ताज्या पेशी, शिवाय चढवलेलं रक्त दात्याचं. रिपोर्ट नॉर्मल येणारच. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा कमतरता स्पष्ट दिसली. प्रायमाक्विनने ज्यांचं रक्त फुटतं त्यांच्यात हे एन्झाइम कमी असतं, हे १९५६ मध्येच अमेरिकेत सिद्ध झालंय.

तो रिपोर्ट आल्यावर दाजींच्या घरी नवीनच सुरू झालं, 'आईकडून आलंय, तुमच्याच घराण्याचा दोष'. जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं, त्यामुळे मुलाला ते आईकडूनच येतं, हे खरं. पण यात दोष कसला? मुंबईच्या पारशी समाजात, कित्येक आदिवासी समाजांत हे पिढ्यान्‌पिढ्या आहे. जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण ते मलेरियापासून थोडंफार वाचवतं. पोराचे डोळे पिवळे झालेत, लघवी काळी होतेय, हे सगळ्यात आधी माझ्या बहिणीनेच सांगितलं होतं. तिचं कुणी ऐकलं नाही. तिला बोल लावणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

एक सांगायचं राहिलं. प्रायमाक्विन वाईट औषध नाही. यकृतात दडून बसलेला व्हायवॅक्स त्याने मरतो, नाहीतर ताप पुन्हा उलटतो. कमतरता असलेल्यांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असं ८ आठवडे देता येतं. आणि काळी लघवी दरवेळी याच कारणाने होते असंही नाही. फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियातही होते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या इंजेक्शनने अँटिबॉडी तयार होऊनही पेशी फुटतात, त्यासाठी कूम्ब्स टेस्ट करतात. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते तो नुसता औषधाचा रंग. पण मध्ये खंड पडून ते पुन्हा सुरू केल्यावर लघवी काळी किंवा कमी झाली तर घरी बसू नका.

हॉस्पिटलात प्रायमाक्विन कधी सुरू केलं ते पहिल्या वाक्यात सांगा. हिमोग्लोबिन, रेटिक, एलडीएच, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम करायला सांगा, आणि दिवसाची लघवी मोजून लिहून ठेवा. कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. कमतरता निघाली तर डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रासब्युरिकेज आणि मिथिलीन ब्लू ही टाळायच्या औषधांची नावं लिहून भावाच्या पाकिटात ठेवा. आणि कपाटातल्या डांबरगोळ्याही आजच बाहेर काढा, त्यांनीही पेशी फुटतात.