इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये स्ट्रायकर व्हायचंय? आधी व्हिसाचं बघ

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. बावीस वर्षांचा आहेस, बी.कॉम. झालंय, कोल्हापुरात तालमीच्या संघातून नऊ नंबर घालून खेळतोस आणि गेल्या वर्षी संतोष ट्रॉफीच्या महाराष्ट्र संघातही होतास. आता मास्टर्सच्या निमित्ताने इंग्लंड गाठायचं, चौथ्या-पाचव्या लीगमधला एखादा क्लब पकडायचा आणि तिथल्या अकिनफेन्वा नावाच्या स्ट्रायकरसारखं क्लब बदलत पस्तिशीपर्यंत खेळून पोट भरायचं, असा तुझा बेत आहे. घरचे कर्ज काढायला तयार आहेत आणि एक एजंट ‘ट्रायलचं पत्र’ देतो म्हणून तीन लाख मागतोय.

मी मँचेस्टरच्या उत्तरेला राहतो. नोकरी आयटीतली, शनिवारी दुपारी आमच्या भागातल्या एका छोट्या क्लबच्या गेटवर तिकिटं फाडतो. तू म्हणतोस तसले स्ट्रायकर रोज नाही, पण दर आठवड्याला बघतो. अभ्यासासाठी ये, खेळायलाही मिळेल. पण फुटबॉलवर पोट भरायचं हे गणित भारतीय पासपोर्टवर जमत नाही, आणि त्याचा तुझ्या खेळाशी फारसा संबंध नाही.

आधी इथली उतरंड समजून घे. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. म्हणजे वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२. पाचवी पायरी नॅशनल लीग; तिथे पूर्णवेळ पगारावरचे संघ बरेच आहेत. सहावीपासून उत्तर-दक्षिण अशी विभागणी होते आणि त्याखाली फांद्या वाढतच जातात. सहावी-सातवीला बहुतेक खेळाडू दिवसा दुसरं काम करतात, मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. पैसे मिळतात, पण कुठे घरभाडं निघेल एवढे, तर कुठे नुसता पेट्रोलचा खर्च. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून खेळायचा तेव्हा त्याला आठवड्याला ३० पौंड मिळायचे आणि तो कारखान्यात हातापायाला लावायच्या आधारपट्ट्या बनवायचा. पुढे हॅलिफॅक्स, फ्लीटवुड, २०१२ मध्ये लेस्टर आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद. ही गोष्ट तुला पाठ असणार. इथल्या प्रत्येक ड्रेसिंग रूममधल्या पोराला पाठ आहे, आणि ते सगळे अजून तिथेच आहेत.

तुझ्या कामाची उदाहरणं वेगळी. अकिनफेन्वाचंच घे. लंडनचा पोरगा, अठरा-एकोणीसाव्या वर्षी लिथुआनियात अटलांटासकडे गेला आणि तिथे प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या खाल्ल्या. परत आल्यावर वेल्समधलं बॅरी टाउन, मग बॉस्टन, लेटन ओरिएंट, रश्डन, डॉन्कास्टर, टॉर्की, स्वानसी, मिलवॉल, नॉर्थहॅम्प्टन, जिलिंगहॅम, विम्बल्डन, वायकॉम्ब. स्वानसीला असताना पाय मोडला. २०१६ मध्ये वेम्बलीवर लीग टूच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये विम्बल्डनसाठी पेनल्टी मारली, संघ वर चढला आणि सामना संपल्यावर टीव्हीच्या माइकसमोर याने हसत सांगितलं की आपण आता बेकार आहोत, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर संपर्क करावा. लोक हसले, पण गड्याचा करार खरंच संपला होता. वेम्बलीवर गोल मारलेल्या माणसाची ही अवस्था.

जेमी क्युरटन बघ. नॉर्विचमध्ये सुरुवात, मग ब्रिस्टल रोव्हर्स, रेडिंग, कोरियातलं बुसान, क्यूपीआर, स्विंडन, कोलचेस्टर. २००६-०७ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक गोल त्याचे होते, २३. त्या जोरावर परत नॉर्विच, आणि तिथून एक्सेटर, चेल्टनहॅम, डॅगनहॅम करत खाली खाली. चाळिशी उलटल्यावरही बिशप्स स्टॉर्टफोर्ड, एन्फील्डसारख्या ठिकाणी गोल मारत होता. इंग्लंडच्या वरच्या दहाही पायऱ्यांवर त्याच्या नावावर गोल आहेत. मला या सगळ्या मंडळींत हा माणूस जास्त आवडतो. आणि रिकी लॅम्बर्टला ब्लॅकपूलने सोडल्यावर तो बीटरूटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता. मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स असं करत साउदॅम्प्टनला पोहोचला आणि २०१३ मध्ये एकतिसाव्या वर्षी इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात स्कॉटलंडविरुद्ध गोल केला.

या सगळ्यांचं आयुष्य तारखेवर चालतं, ती तारीख म्हणजे ३० जून. करार एक वर्षाचा, फार तर दोन. हंगाम मे महिन्यात संपला की क्लब कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं याची यादी लावतो. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारासारखं. पट्टा पडला की घरी, पुढच्या गळिताला बोलावणं येईलच याची खात्री नाही. जुलैत मग हीच माणसं सरावाच्या सामन्यांत उतरतात आणि संघाच्या कागदावर नावाच्या जागी नुसतं ‘ट्रायलिस्ट’ लिहिलेलं असतं. ऑक्टोबरपर्यंत गोल झाले नाहीत तर मॅनेजर लोनवर, म्हणजे उसना, दुसऱ्या क्लबकडे धाडतो. मॅनेजरच बदलला तर नवा आपला स्ट्रायकर घेऊन येतो. नॅशनल लीगच्या खाली बरेच जण कराराविनाच खेळतात. दुसऱ्या क्लबने सात दिवसांची नोटीस दिली की बोलणी सुरू. क्लबचीही शाश्वती नाही. बरी नावाचा क्लब २०१९ मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला, मॅकल्सफील्ड २०२० मध्ये कोर्टाने बंद पाडला.

आमच्याकडे एक नऊ नंबर आहे, वय पस्तिशीच्या पुढे. मंगळवारच्या सामन्याला पावणेआठची किकऑफ असली तर हा सात वाजता गिलाव्याच्या कामावरून थेट येतो, व्हॅनच्या मागे पाट्या-थाप्यांच्या बाजूला बुटांची पिशवी. बोटांच्या पेरांत सुकलेलं प्लास्टर. दोन्ही घोट्यांना चिकटपट्ट्या गुंडाळून घेतो आणि कोणाशी न बोलता गोळी गिळतो. मैदानात याचं काम काय? गोलकीपरने लांब मारलेला चेंडू छातीवर घ्यायचा, पाठीवर सव्वासहा फुटी डिफेंडर घेऊन. दहातले सात वेळा चेंडू निसटतो, पण डिफेंडरही नीट मारू शकत नाही आणि मागून येणाऱ्याला तो मिळतो. नव्वद मिनिटांत गोलवर शॉट एखादाच. तुझे व्हिडिओ पाहिले. शाहू स्टेडियमवर तू दोघांना चकवून आत शिरतोस ते बघायला झकास आहे. इथे दुसऱ्याला चकवायच्या आत पहिला तुला आडवा करतो, आणि रेफ्री खेळ चालू ठेवतो. हे शिकता येतं, पण त्याला दोन-तीन हंगाम लागतात.

आणि इथेच खरी मेख आहे. परदेशी खेळाडूला इथे व्यावसायिक खेळायचं तर इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा लागतो. त्यासाठी एफएची, म्हणजे इथल्या फुटबॉल संघटनेची, शिफारस लागते आणि ती १५ गुणांवर मिळते: देशाकडून किती सामने खेळलास, देशाचं फिफा रँकिंग काय, आधीची लीग कुठल्या दर्जाची, तिथे किती मिनिटं मैदानात होतास. आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, यात सगळ्यात खालच्या गटात मोडते. तू तर आयएसएलही खेळलेला नाहीस. २०२३ पासून गुण कमी पडणाऱ्यांसाठी क्लबांना मोजक्या जागा दिल्यात, लीग वन-टूच्या क्लबांना जास्तीत जास्त दोन. त्या जागा ते राष्ट्रीय संघातली परदेशी पोरं आणायला वापरतात. पाचव्या पायरीच्या खालच्या क्लबाला तर अशी शिफारस मिळवताच येत नाही. सुनील छेत्रीचं माहीत असेलच: २००९ मध्ये क्यूपीआरने त्याला तीन वर्षांसाठी घेतलं, पण भारत पहिल्या ७० देशांत नाही म्हणून परवाना नाकारला गेला. छेत्रीला नाकारला, भावा.

बायचुंग भुतियाला मिळाला होता. १९९९ मध्ये तो बरीकडे आला, तेव्हा बरी तिसऱ्या पायरीवर होता. त्याआधी फुलहॅम, वेस्ट ब्रॉम, अ‍ॅस्टन व्हिलाच्या ट्रायल्समध्ये नकार आला होता, मग व्हिसाची खेकटी. तीन हंगामांत लीगचे ३७ सामने, ३ गोल, मध्ये दुखापती, आणि शेवटी क्लबच दिवाळखोरीत. भारताच्या सर्वोत्तम स्ट्रायकरची ही आकडेवारी. बरीच्या गिग लेन मैदानाच्या आसपासची म्हातारी मंडळी अजून त्याचं नाव काढतात, प्रेमाने काढतात.

समज, चमत्कार झाला आणि तुला परवाना मिळाला. तरी तो त्या एका क्लबशी बांधलेला. क्लबने जूनमध्ये सोडलं की व्हिसाचं घड्याळ सुरू, आणि नव्या क्लबने पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं. अकिनफेन्वा किंवा क्युरटन टिकले ते कशावर? आज इथे नकोय तर उद्या तिथे, महिनाभर कराराविना, मग एक पायरी खाली. हे फिरणंच त्यांचं भांडवल होतं, आणि नेमकं तेच तुला मिळणार नाही.

विद्यार्थी व्हिसावर येऊन गुपचूप खेळू, असं तुझ्या डोक्यात असेल तर नियम वाच. सत्रात आठवड्याला २० तास काम चालतं, पण ‘प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सन’ म्हणून अजिबात नाही, आणि त्याची व्याख्या भलती रुंद आहे. अर्धव्यावसायिक क्लबात नोंदणी असली, तू फुकट खेळत असलास, तरी त्यात येतोस. कोचिंगही त्यात. गेल्या दोन वर्षांत राज्याच्या संघाकडून खेळलास तरी त्यात, आणि एजंट ठेवलास तरी त्यात. संतोष ट्रॉफी आणि एजंट, तुझ्याकडे दोन्ही आहे. पदवी किंवा त्यावरच्या पूर्णवेळ कोर्सला असताना विद्यापीठाच्या संघाकडून हौशी म्हणून खेळायला मोकळीक आहे. अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेल करून तुझ्या बाबतीत काय ते लेखी घे. कोर्सनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर आणि स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदारालाही व्यावसायिक खेळाची हीच बंदी आहे. ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे.

कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला की मग कुठेही खेळ, कोणी विचारत नाही. नोकरीवरच्याला तो पाच वर्षांनी मिळत आलाय. मे २०२५ मध्ये सरकारने ती मुदत दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला. तोवर तुझी तिशी.

तू लिहिलंस की गोव्यातला तुझा मित्र पोर्तुगीज पासपोर्टवर येऊ म्हणतोय. स्विंडनला गोव्याची केवढी तरी माणसं त्याच पासपोर्टवर येऊन स्थायिक झालीत, पण ती वाट १ जानेवारी २०२१ ला बंद झाली. त्याच्या आई-वडिलांपैकी कोणी आधीपासून इथे राहत असेल तर त्यांनी वकिलाला विचारावं. नुसत्या पासपोर्टवर आता काही होत नाही.

अनिकेत जाधव ब्लॅकबर्नला गेला होता ना, असंही विचारलंस. गेला होता, तोही आपल्या कोल्हापूरचाच, सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला. पण ते काही महिन्यांचं प्रशिक्षण होतं, आणि ब्लॅकबर्न २०१० पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा क्लब आहे. करार झाला नाही, पोरगा परत येऊन आयएसएल खेळला.

एजंटला दमडी देऊ नकोस. इथला कुठलाही धड क्लब ट्रायलसाठी खेळाडूकडून पैसे घेत नाही. ते पत्र दाखवून व्हिसा मागितलास आणि खोटं निघालं तर फसवणुकीच्या कारणाने दहा वर्षांची बंदी बसू शकते.

तेव्हा कोर्स असा निवड की फुटबॉल बाजूला काढला तरी पंचवीस लाखांचं कर्ज फिटेल. बी.कॉम.नंतर अकाउंटिंग किंवा डेटाचं काहीतरी बघ; ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’ला चमक आहे, पण स्किल्ड वर्कर व्हिसाची ४१,७०० पौंडांची पगाराची अट भागवणाऱ्या नोकऱ्या त्यात कमी. विद्यापीठांचे सामने बुधवारी दुपारी असतात, त्यामुळे बुधवारी काम घेऊ नकोस. लफबरो विद्यापीठासारख्या ठिकाणचा दर्जा खरंच वरचा आहे. अदिती चौहान तिथेच मास्टर्सला होती आणि वेस्ट हॅमच्या महिला संघाची गोलकीपर झाली. पहिल्या संघात जागा मिळाली नाही तर तिसऱ्या संघात खेळ.

प्रवेशाचं पत्र आलं की शहर कळव, तिथल्या मराठी मंडळात कोण खेळतंय ते विचारून ठेवतो. बूट मात्र तिकडून आणू नकोस. आपल्या कडक मैदानाचे मोल्डेड स्टड इथल्या नोव्हेंबरच्या चिखलात घसरतात. लांब धातूचे स्टड इथे सप्टेंबरमध्ये सेलला मिळतात.