चष्म्याच्या नंबरावर लेन्स घेऊ नका, आधी फिटिंग करून घ्या

ताई, तुमच्या मुलीचा नंबर उणे साडेसहा, उजव्या डोळ्याला सव्वाचा सिलिंडर (बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसला की लागणारा नंबर), आणि भरतनाट्यमच्या कार्यक्रमासाठी तिला कॉन्टॅक्ट लेन्स हवी आहे. दुकानदार म्हणतो, चष्म्याच्या नंबरावरच देतो, तपासणीचा खर्च कशाला? मी सोळा वर्षं लेन्स वापरते आहे आणि पहिली जोडी मीही अशीच घेतली होती. म्हणून कळकळीने सांगते, या खर्चात काटकसर करू नका.

मुळात चष्म्याचा आणि लेन्सचा नंबर एकच नसतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. नंबर चारच्या पुढे गेला की हा फरक धरावाच लागतो. उणे 6.50 च्या चष्म्याला लेन्स 6.00 च्या आसपास लागते. 6.50 चीच घातली तर लांबचं छान दिसेल, पण अभ्यासाला बसली की कपाळ ठणकायला लागेल. सिलिंडरसाठी टोरिक लेन्स मिळते. ती डोळ्यात फिरली तर दिसणं धूसर होतं, त्यामुळे तिच्यावरची बारीक खूण जागेवर राहते का, हे तपासून घ्यावं लागतं.

आता खरा मुद्दा, फिटिंगचा. क्लिनिकमध्ये आधी बुबुळाचा बाक मोजतात. खोक्यावर 8.4, 8.6 असे आकडे असतात, ते लेन्सच्या बाकाचे. मग ट्रायल लेन्स घालून वीस-तीस मिनिटं बसवतात आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघतात. पापणी मिटली-उघडली की लेन्स किंचित सरकून परत जागेवर यायला हवी, म्हणजे तिच्याखालचे अश्रू बदलत राहतात.

माझी लेन्स हलतच नव्हती. मला ते कळलंही नाही, कारण घट्ट लेन्स सुरुवातीला टोचत नाही, उलट फार आरामाची वाटते. पण संध्याकाळपर्यंत डोळे लाल. शेवटी क्लिनिकमध्ये गेले, तर तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टने (नंबर आणि लेन्स तपासून देणाऱ्या तज्ज्ञाने) लेन्स काढून मला स्क्रीनवर दाखवलं: घट्ट बांगडी काढल्यावर मनगटावर वळ राहतो ना, तसं डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गोल उमटलं होतं. म्हणून दुकानात ‘घालून बघ, बरं वाटतंय का’ एवढ्यावर ठरवू नका.

जाताना काजळ नको, नखं कापलेली असू देत. डोळे कोरडे पडत असतील तर तसं आधीच सांगा, अश्रूंची चाचणी करतात. तिला स्वतःच्या हाताने दोन-तीनदा लेन्स घालता-काढता आल्याशिवाय तिथून निघू नका. आठवड्याने पुन्हा दाखवायला जाल तेव्हा चार-पाच तास लेन्स घातलेली असू द्या, दिवसभराचा त्रास तेव्हाच दिसतो.

नळाचं पाणी लेन्सला अजिबात लावू नका, डबीलासुद्धा नाही. पाण्यातल्या अकांथामिबा नावाच्या सूक्ष्म जिवाचा संसर्ग बुबुळाला झाला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात, नजरही जाऊ शकते. हात धुतले तरी कोरडे करूनच लेन्सला बोट लावायचं.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी आधी लेन्स, मग मेकअप. पापणीच्या आतल्या कडेला काजळ नको. रात्री घरी आल्यावर कितीही दमली असली तरी आधी लेन्स काढायची, मगच चेहरा पुसायचा.