वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या मोटर शर्यती

प्रश्न : मी फॉर्म्युला वन नेमाने पाहतो, पण नॅसकार (अमेरिकेतली, बहुतेक अंडाकृती ट्रॅकवरची गाड्यांची शर्यत) लावली की दहा मिनिटांत कंटाळा येतो. डावीकडे वळत 200 फेऱ्या मारण्यात अमेरिकेतल्या लोकांना एवढं काय दिसतं?

उत्तर : जवळपास सगळं दिसतं, आणि ओढीचं मोठं कारण तेच आहे. वळणावळणाच्या रोड सर्किटवर प्रेक्षकाच्या वाट्याला एखाद-दुसरं वळण येतं. डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक मात्र स्टँडच्या वरच्या रांगांतून बहुतेक नजरेत मावतो. ब्रिस्टल तर जेमतेम अर्ध्या मैलाचा.

डेटोनाची वळणं 31 अंशांनी कललेली आहेत आणि तिथे इंजिनात जाणारी हवा नियमानेच कमी केलेली असते. त्यामुळे निव्वळ स्वतःच्या ताकदीवर पुढे जाणं फार अवघड. पुढच्या गाडीने फोडलेल्या हवेत मागची शिरली की तिला रोध कमी होतो, आणि पुढच्या गाडीच्या मागे तयार होणारी ओढ घटल्याने तिचाही वेग वाढतो. रांग सोडून एकटा बाहेर पडलेला बघता बघता पाच-सहा गाड्यांच्या मागे जातो. म्हणून पहिल्या गाडीवर नजर खिळवू नका. शेजारच्या रांगेत कोण कुणाला ढकलतोय ते पाहा.

लहान ट्रॅकवर खेळ वेगळा. 'टाइट' गाडी स्टिअरिंग वळवूनही भिंतीकडे सरकते, 'लूज' गाडीची मागची बाजू सुटते. पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून दुरुस्ती करायच्या जागेत, मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा भार बदलतात किंवा नव्या टायरमधली हवा थोडी कमी-जास्त करतात. प्रेक्षक कानाला स्कॅनर (रेडिओवरचं बोलणं पकडणारं यंत्र) लावून ड्रायव्हर आणि पिटचं बोलणं ऐकतात. तक्रार ऐकली, उपाय पाहिला, आता गाडी वळते का ते बघायचं! एकदा स्कॅनर लावून पाहा, कंटाळा येणार नाही.

प्रश्न : टॉप फ्युएल ड्रॅग रेस चार सेकंदांत संपते. त्यासाठी दिवसभर का बसायचं? आणि कमी वेळ घेणारी गाडी हरते कशी?

उत्तर : आधी हरण्याचं. ड्रॅग रेसमध्ये दोन गाड्या सरळ पट्ट्यावर शेजारी-शेजारी धावतात; टॉप फ्युएल हा त्यातला सर्वांत वेगवान वर्ग. तीन पिवळे दिवे एकदम लागतात आणि 0.4 सेकंदाने हिरवा. घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होतं, हिरव्या दिव्याबरोबर नाही. समजा, पहिल्या ड्रायव्हरने हलायला 0.050 सेकंद घेतले आणि अंतर 3.740 सेकंदांत कापलं : एकूण 3.790. दुसऱ्याने 0.090 आणि 3.710 : एकूण 3.800. धावेत सरस असूनही दुसरा हरला. हिरव्याच्या आधी हलणारा तर थेट बाद.

इंधनात 90 टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन असतं. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येतं. गिअरबॉक्स नसतोच. क्लच टप्प्याटप्प्याने घट्ट पकडतो. तो लवकर पकडला तर टायर धूर काढत जागीच फिरतात, उशिरा पकडला तर वेळ गेला. एखादा सिलिंडर विझला की त्या बाजूच्या एक्झॉस्टचा रेटा कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला ओढली जाते.

दिवसभर बसायचं कारण पिटमध्ये आहे. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या शर्यतीत प्रत्येक तिकिटावर पिटमध्ये जाता येतं. दोन फेऱ्यांच्या मधे इंजिन उघडून पिस्टन आणि क्लचच्या चकत्या बदलताना चार हातांवरून पाहता येतं. इतक्या जवळून इंजिन दाखवणारा मोठा खेळ दुसरा क्वचितच असेल. अंतर पूर्वी पाव मैल होतं. 2008 मध्ये ड्रायव्हर स्कॉट कॅलिटा यांच्या अपघाती मृत्यूनंतर या वर्गासाठी ते 1000 फुटांवर आणलं.

प्रश्न : मातीवरच्या स्प्रिंट कारचं उजवं मागचं चाक मोठं का?

उत्तर : उजवं चाक मोठं असलं की गाडी आपोआप डावीकडे वळू पाहते. आयोवातल्या नॉक्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या, डावीकडेच वळणाऱ्या ट्रॅकवर हे लागतंच. या गाड्यांना स्टार्टर नसतो, ट्रकने ढकलून सुरू करतात. संध्याकाळ सरते तशी आतली माती गुळगुळीत होते आणि सुटी माती बाहेरच्या कडेला साचते. पकड तिथे मिळते, पण भिंतही तिथेच असते.