घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधील विमानतळाची सीनरी स्वतः कशी बदलावी? सुरुवात इमारतींपासून करावी का?

सिम्युलेटरसोबत आलेला विमानतळ प्रत्यक्षातल्याशी जुळत नाही, टर्मिनल भलतेच दिसते आणि एक टॅक्सीवे (विमानाने धावपट्टीपर्यंत ये-जा करण्याचा रस्ता) तर गायबच आहे, अशी आपली अडचण आहे. प्रोग्रामिंग न येता ही दुरुस्ती नक्की करता येते. इमारतींपासून मात्र सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वैमानिकाच्या जागेवरून विमानतळ पाहताना नजरेत सर्वाधिक भरते ती जमीन: धावपट्टीची दिशा आणि रुंदी, टॅक्सीवेची वळणे, पिवळ्या रेषा, दिवे आणि उतार. हे सारे अचूक असेल, तर टर्मिनलच्या जागी साधा ठोकळा असला तरी विमानतळ ओळखू येतो. आणि हे चुकलेले असेल, तर हुबेहूब टर्मिनलही त्याला वाचवू शकत नाही.

साधन कोणते घ्यावे, हे आपल्या सिम्युलेटरवर अवलंबून आहे. एक्स-प्लेन या सिम्युलेटरसाठी वर्ल्डएडिटर हा मोफत प्रोग्राम असून तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या 2020 आणि 2024 या दोन्ही आवृत्त्यांत डेव्हलपर मोड सुरू केला, की सीनरी एडिटर सिम्युलेटरच्या आतच उघडतो. एफएसएक्स हा मायक्रोसॉफ्टचा जुना सिम्युलेटर अजूनही वापरत असल्यास एअरपोर्ट डिझाइन एडिटर घ्यावा. मी पुढे मुख्यतः एक्स-प्लेनच्या अनुषंगाने लिहीत आहे, कारण नवशिक्याला तिथे कामाचे टप्पे वेगवेगळे आणि स्पष्ट दिसतात.

सिम्युलेटरच्या मूळ फाइलींना हात लावण्याची गरज कोणत्याही आधुनिक सिम्युलेटरमध्ये पडत नाही. आपली सीनरी स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते आणि मूळ विमानतळाच्या जागी ती दाखवली जाते. एक्स-प्लेनमध्ये हे फोल्डर ‘कस्टम सीनरी’मध्ये, तर मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘कम्युनिटी’मध्ये ठेवायचे असते; ते तिथून काढले, की जुना विमानतळ जसाच्या तसा परत येतो. एक्स-प्लेनमध्ये कोणती सीनरी कोणावर मात करणार, हे ‘सीनरी पॅक्स’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलीतील क्रमावरून ठरते. यादीत जे वर असते त्याला प्राधान्य मिळते. म्हणून विमानतळ वर आणि भूभागाचे जाळे, म्हणजे जमिनीच्या चढउतारांचे मॉडेल, सर्वांत खाली ठेवावे. केलेले बदल दिसतच नाहीत, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हा क्रमच असतो.

आता जमिनीकडे वळू. उपग्रहचित्र हा आधार म्हणून उपयुक्त असला, तरी धावपट्टीची टोके केवळ चित्रावरून ठरवू नयेत. प्रत्येक देश आपली वैमानिकी माहिती-पुस्तिका प्रसिद्ध करतो आणि त्यात धावपट्टीच्या उंबरठ्यांचे (उतरण्यासाठीचा भाग जिथे सुरू होतो त्या जागांचे) अक्षांश-रेखांश, उंची, लांबी-रुंदी आणि विमानतळाचा नकाशा दिलेला असतो. ते आकडे वर्ल्डएडिटरमध्ये थेट भरता येतात. उंबरठा धावपट्टीच्या टोकापासून आत सरकवलेला असेल, तर ते अंतर वेगळ्या रकान्यात द्यायचे असते, एकूण लांबीतून वजा करायचे नसते. धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय दिशेवरून ठरतो आणि चुंबकीय उत्तर हळूहळू सरकत असते. त्यामुळे जुन्या चित्रातील क्रमांक आणि आजचा क्रमांक वेगळा निघाल्यास अधिकृत नकाशावर विश्वास ठेवावा.

खुणांनाही नियम आहेत, आणि ते ठाऊक असले की चित्र अस्पष्ट असूनही बरेच काही पडताळता येते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 30 मीटर रुंद धावपट्टीच्या उंबरठ्यावर 8 पट्टे असतात, 45 मीटरला 12 आणि 60 मीटरला 16. धावपट्टीवरील खुणा पांढऱ्या आणि टॅक्सीवेवरील पिवळ्या असतात. टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे आणि मध्यरेषेचे हिरवे. उतरण्याचा कोन दाखवणारे चार दिवे बसवताना त्यांची दिशा आणि कोन दोन्ही तपासावेत. बहुतेक ठिकाणी तो कोन 3 अंश असतो, सर्वत्र नाही.

काम बरोबर झाले आहे का, हे तपासण्याची माझी आवडती रीत म्हणजे आयएलएसवर (विमानाला धावपट्टीकडे आणणाऱ्या रेडिओ-यंत्रणेवर) स्वयंचलित अवतरण करून पाहणे. एक्स-प्लेनमध्ये आयएलएसची माहिती विमानतळाच्या फाइलीत नसून वेगळ्या फाइलीत असते. आपण धावपट्टी दहा मीटर बाजूला काढली, तरी लोकलायझर, म्हणजे मध्यरेषेची दिशा दाखवणारा आयएलएसचा भाग, आपल्या जागेवरच राहतो आणि विमान इमानदारीने मध्यरेषेच्या बाजूला उतरते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये काळजी थोडी वेगळी घ्यावी लागते: मूळ विमानतळ वगळताना त्याच्या अवतरणपद्धतीही वगळल्या जाऊ शकतात, म्हणून वगळण्याचे पर्याय एकेक वाचूनच निवडावेत.

उतार हा सर्वांत कटकटीचा भाग. भूभागाचे जाळे ढोबळ असल्याने धावपट्टीवर प्रत्यक्षात नसलेले उंचवटे येतात. वर्ल्डएडिटरमध्ये विमानतळ सपाट करण्याचा पर्याय आहे, पण तो घाईने निवडू नये. खऱ्या विमानतळाला उतार असेल, तर सपाट केलेल्या जमिनीच्या कडेला कृत्रिम कडा उभा राहतो.

टॅक्सीचे जाळे आखताना प्रत्येक छेदनबिंदूवर दोन्ही रेषा एकाच बिंदूत जोडाव्यात, अन्यथा एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) विमानाला भलत्याच वाटेने पाठवते. पार्किंगच्या जागेला विमानाचा आकारवर्ग द्यावा लागतो: 24 ते 36 मीटरच्या आतील पंखविस्तार ‘सी’ वर्गात येतो, त्यामुळे एअरबस ए320 तिथे बसते. हा वर्ग मोठा दिला, की अरुंद जागेत दोन विमानांचे पंख एकमेकांत घुसलेले दिसतात.

इमारतींची पाळी यानंतर येते. सिम्युलेटरच्या लायब्ररीतील तयार ऑब्जेक्ट (इमारती, वाहने अशी मॉडेल) आधी वापरावेत. एकच ऑब्जेक्ट अनेकदा ठेवल्याने संगणकावर येणारा भार वेगवेगळी मॉडेल ठेवण्याच्या मानाने कमी असतो. केवळ त्या विमानतळाचीच ओळख असलेले टर्मिनल किंवा टॉवर तेवढे ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बनवण्याच्या प्रोग्राममध्ये स्वतः घडवावे. नवी इमारत ठेवण्यापूर्वी आपोआप उगवणारी घरे आणि झाडे वगळणारे क्षेत्र आखावे, नाहीतर टर्मिनलच्या छतातून झाड बाहेर येते. उपग्रहचित्रावर आधारलेल्या सिम्युलेटरमध्ये एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेवर) उभ्या विमानांच्या चपट्या प्रतिमाही दिसतात. त्यांच्यावर अपारदर्शक काँक्रीटचा थर टाकला, की त्या झाकल्या जातात.

एक्स-प्लेनचा विमानतळ इतरांनाही मिळावा असे वाटत असेल, तर तो सीनरी गेटवे या एक्स-प्लेनच्या सामायिक संग्रहाकडे पाठवता येतो आणि स्वीकारला गेल्यास पुढील अद्ययावत आवृत्तीत सर्वांपर्यंत पोहोचतो. तिथे फक्त एक्स-प्लेनच्या स्वतःच्या लायब्ररीतील ऑब्जेक्ट चालतात. त्यामुळे ब्लेंडरमध्ये घडवलेले टर्मिनल वापरायचे ठरवल्यास गेटवेसाठी त्याच्याशिवायची एक वेगळी प्रत सुरुवातीपासूनच ठेवावी.