रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग घसा का आवळतो?

'घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. श्वास पुरत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. मग मला झालंय तरी काय?' मी समुपदेशक. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वाक्यांचा क्रमही सहसा हाच असतो. आणि उठता उठता, दाराशी, आवाज खाली आणून एक पुरवणी प्रश्न: 'मॅडम, मला वेड तर लागत नाहीये ना?'

वेड वगैरे काही लागत नाहीये. पण एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय २४. तासगावकडचा, घरी द्राक्षबाग. डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागलेला, मोशीत मित्रांबरोबर खोली करून राहणारा. पहिल्या भेटीला आई सोबत होती. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेली, डोळ्यांत झोप, मांडीवर प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये छातीचा एक्स-रे, दोन ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, नळीत फुंकून करतात ती फुप्फुसांची तपासणी आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून घसा पाहिल्याचा रिपोर्ट. सगळं व्यवस्थित. एका रात्री मित्रांनी त्याला कॅज्युअल्टीत नेलं होतं. तिथे ईसीजी काढला, एक इंजेक्शन दिलं आणि 'गॅसेस आहेत' म्हणून परत पाठवलं.

सुरुवात साधी होती. ताप आला, डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. नाइट शिफ्टहून आल्यावर त्याने एक कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि तसाच आडवा झाला. ती मध्येच अडकली. खोलीत एकटा. दोन-तीन मिनिटं ठसका, घाम, छातीत धडधड. मग कॅप्सूल खाली गेली. घसा मात्र दुसऱ्या दिवशीही आवळलेलाच वाटत होता, आणि तिथून पुढे तो घशाकडे लक्ष ठेवू लागला.

लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते त्याला स्वतःलाच दिसत नव्हतं. बोलता बोलता त्याचा हात कंठाकडे जायचा, दोन बोटं कंठमण्याच्या बाजूला दाबून बघायची. दर थोड्या वेळाने कोरडा आवंढा. बाटली कायम हातात. भाकरी सोडली, मग पोळीही. कालवलेला वरण-भात तेवढा खायचा. वजन चार किलोंनी उतरलं होतं. घास अडकत नव्हता, अडकेल या भीतीने तो जेवतच नव्हता. हा फरक मी त्याच्या डॉक्टरांकडून पक्का करून घेतला, कारण घास खरोखर अडकत असेल आणि वजन घटत असेल तर ते काम माझं नाही.

श्वासाची तक्रार नंतर सुरू झाली. 'श्वास खालपर्यंत जातच नाही. जांभई आली की तेवढ्यापुरता पोचतो.' मित्राच्या सल्ल्याने त्याने ऑक्सिमीटर घेतला. आकडा नेहमी ९८ किंवा ९९. तो पाहून दोन मिनिटं बरं वाटायचं, मग मशीनवरच शंका. गावाकडून काकांनी फोनवर सांगितलं, 'प्राणायाम कर, जोरात श्वास घे.' तो पहाटे उठून जोरजोरात श्वास ओढू लागला आणि त्रास दुप्पट झाला. आजीने मीठ-मोहरी ओवाळून टाकली होती. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याने निदान अपाय तरी झाला नाही.

दुसऱ्या भेटीत मी त्याला म्हटलं, 'पाणी न पिता लागोपाठ पाच आवंढे गिळ. मीही गिळते.' पहिले दोन सहज गेले. तिसरा जड. चौथ्याला त्याचे डोळे विस्फारले, मान पुढे आली. पाचवा जाईचना. माझाही गेला नाही आणि ते त्याला दिसलं.

'तुमचंही अडकलं?'

'कुणाचंही अडकेल.'

गिळायला लाळ लागते. ती दोन-तीन आवंढ्यांत संपते आणि पुढचा आवंढा कोरड्या घशावरून ओढावा लागतो. शिवाय घशाच्या तळाशी, अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं असतं, गिळताना उघडतं. भीतीने, ताणाने ते जास्त आवळलं की तिथे गोळा असल्यासारखं वाटतं. पित्त वर येत असेल तरी हेच होऊ शकतं, म्हणून डॉक्टर आधी ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन बघतात. त्यात गैर काही नाही. घसातज्ज्ञ याला 'ग्लोबस' म्हणतात आणि त्यांच्या ओपीडीत ही नेहमीची तक्रार असते. जेवताना हा गोळा बहुधा नाहीसा होतो आणि रिकामा आवंढा गिळला की हजर. खरा अडथळा असता तर उलट झालं असतं.

श्वासाचंही तसंच. हवा कमी पडतेय असं वाटतं म्हणून माणूस जास्त श्वास घेतो. ऑक्सिजन आधीच पुरेसा असतो, तो ९९ चा १२० होत नाही. पण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. मग डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळते, आणि गंमत म्हणजे श्वास आणखीच अपुरा वाटतो. म्हणून 'दीर्घ श्वास घे' हा सल्ला अशा वेळी अनेकांना बाधतो.

हे नुसतं सांगून त्याला पटणार नव्हतं. दमा, हृदयविकार, फिट्स यांपैकी काही नाही हे डॉक्टरांकडून विचारून घेतलं आणि एका भेटीत आम्ही मुद्दाम मिनिटभर जोरजोरात श्वास घेतला. (वाचून हे घरी एकट्याने करून बघू नका.) चाळीसेक सेकंदांत त्याने हात झटकले. 'हेच! मॅडम, हेच होतं मला!' घाबरलेला होता, पण खुर्ची सोडून उठला नाही. हळूहळू मुंग्या ओसरल्या. त्या रात्री कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा जे झालं, ते त्याने आत्ता स्वतःहून आणलं होतं आणि काही न करता ते गेलं होतं. कितीही समजावलं असतं तरी हे काम झालं नसतं.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पॅनिकबद्दल, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीबद्दल, मांडलेला विचार मला रोजच्या कामात आजही उपयोगी पडतो: शरीरातल्या साध्या बदलाचा माणूस भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने तोच बदल वाढतो आणि अर्थ खरा वाटू लागतो. या फेऱ्यात आणखी एक कडी असते, तपासून बघण्याची. ती समजावण्याची तयारी मी करून बसले होते, पण त्यानेच ती सांगितली. 'आमच्याकडे एकच पीस पुन्हा पुन्हा मापाच्या गेजला लावला तर पीस बदलत नाही, गेज झिजतो.' क्वालिटीतल्या माणसाला मी आणखी काय सांगणार!

मग खरं काम सुरू झालं. ते कंटाळवाणं असतं, म्हणून लोक ते टाळतात. आवंढा तपासणं, कंठ दाबणं, ऑक्सिमीटर लावणं, 'घसा अडकणे' मोबाइलवर शोधणं: यातलं काय, कधी, एवढंच वहीत टिपायचं. मग एकेक लांबवायचं. आत्ता बघावंसं वाटतंय ना, अर्ध्या तासाने बघ. बाटली आधी बॅगेत, मग खोलीवर. खाण्यात वरण-भातावरून पोळी, पोळीवरून भाकरी, मग कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या वेगाने जेवणं. सगळ्यात शेवटी आख्खी गोळी. कॅप्सूल अडकल्यापासून तो प्रत्येक गोळी कुटून घ्यायचा. श्वासासाठी एवढंच, की ओढायचा नाही, सावकाश सोडायचा. तेही दर वेळी पॅनिकचा अटॅक थोपवायला वापरू नकोस, असं बजावलं. श्वासाचा व्यायामसुद्धा नवी बाटली होऊन बसतो. चहाचे कप आणि नाइट शिफ्टनंतरची झोप यांवरही बोललो, पण थोडंच.

आईचा प्रश्न मात्र वेगळा होता. 'पण त्याला टेन्शन कशाचं आहे? घरात काही कमी नाही. कुणी मुलगी-बिलगी?' मुलगी नव्हती. तिला, आणि खरं तर त्यालाही, कुठलं तरी मोठं, दडलेलं कारण हवं होतं. सिनेमात असतं तसं, एकदा रडलं की घसा मोकळा. काहींच्या बाबतीत असं दुःख असतंही: घरातला मृत्यू, मोडलेलं नातं, न सांगितलेला अत्याचार. ते असेल तर त्यावर काम करावंच लागतं. पण प्रत्येकाच्या पोटात गुपित शोधत बसणं मला पटत नाही. एक त्रास सुरू कशाने झाला आणि तो आज कशावर टिकून आहे, ही दोन वेगळी उत्तरं असतात, आणि उपाय बहुधा दुसऱ्यात असतो. मी आईला म्हटलं, 'कॅप्सूल अडकली, एकटा होता, घाबरला. एवढं कारण पुरे आहे.' तिला ते फार छोटं वाटलं. 'आणि रोज फोनवर पहिलं वाक्य 'घसा कसा आहे' हे विचारू नका.' हे तिला त्याहून अवघड गेलं.

आता जे वाचक स्वतःची लक्षणं पडताळत इथवर आलेत त्यांच्यासाठी. आधी डॉक्टर, मग समुपदेशक; हा क्रम बदलू नका. घास किंवा पाणी खरोखर अडकणं, गिळताना दुखणं, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असणं, मानेला गाठ, थुंकीत रक्त, न ठरवता वजन घटणं, जिना चढताना दम लागणं, रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज येणं: यातलं काहीही असेल तर तपासणी हवीच. तंबाखू, गुटखा, मिश्री असेल तर आणखी लवकर. आणि काही खाल्ल्यावर किंवा औषध घेतल्यावर ओठ-जीभ सुजून श्वास कोंडत असेल तर विचार करत बसू नका, १०८ ला फोन करा. तपासणी एकदा नीट झाली की मात्र तीच पुन्हा पुन्हा करत राहू नका. चौथी दुर्बीण तिसरीपेक्षा वेगळं काही सांगत नाही. भीतीने झोप-जेवण-काम अडत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. औषधांचा काहींना चांगला उपयोग होतो आणि ती आयुष्यभर घ्यावीच लागतात असं नाही. जवळ कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं.

त्याचं म्हणाल तर काही महिन्यांत तो कॅन्टीनमध्ये जेवू लागला, वजन भरलं. घसा अजूनही अधूनमधून आवळतो, ऑडिटच्या आठवड्यात हमखास. तो तसाच कामावर जातो. ऑक्सिमीटर त्याने दिवाळीला गावी नेऊन ठेवला. आता आई रोज संध्याकाळी वडिलांच्या बोटाला लावते, आकडा कॅलेंडरवर लिहिते आणि ९६ दिसला की त्याला फोन करते. पुढच्या भेटीला तिलाच घेऊन ये, असं मी त्याला सांगितलंय.