नोकरी सोडायची की नाही, हे कोचनं ठरवायचं नसतं

पत्र : मी ३६ वर्षांची, नाशिकला एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. वडील गेल्यापासून कशात मन लागेना, म्हणून एका लाइफ कोचचं सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं. ४८ हजार आगाऊ भरले. सर म्हणतात, नोकरी सोडा, आमचा ट्रेनर कोर्स करा. नवरा नको म्हणतो, तर सर म्हणतात, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. आता तर साधी गोष्टही सरांना विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. माझं काही चुकतंय का?

उत्तर : नाही, तुमचं काही चुकत नाहीये. पण तूर्त राजीनामा देऊ नका आणि त्या कोर्सला एक रुपयाही भरू नका.

आधी झोपेचं बघू. वडील गेल्याचं दुःख लवकर सरत नाही, ते साहजिक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास राहत असेल, कशात रस वाटत नसेल, पहाटेच जाग येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. थायरॉइडच्या त्रासातही असं होतं. म्हणून याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांना. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ ला, चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. जगणं नकोसं वाटू लागलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच फोन करा. खरं तर तुमच्या कोचनं पहिल्याच भेटीत झोप, भूक, मनःस्थिती विचारायला हवी होती आणि 'हे माझ्या कामात बसत नाही, आधी डॉक्टरांकडे जा' असं सांगायला हवं होतं. आजाराचं निदान आणि उपचार हे कोचचं काम नाही.

मग त्याचं काम काय? निर्णय तुमचाच, तो नीट घ्यायला मदत त्याची. तुम्ही 'नोकरी सोडू का?' म्हणालात, तर चांगला कोच विचारेल : नकोसं नेमकं काय झालंय, काम, वेळ की साहेब? पगार बंद झाला तर घर किती महिने चालेल? नोकरी न सोडता काय करून बघता येईल? तासाभराच्या भेटीतून तुम्ही स्वतः ठरवलेली एक-दोन कामं आणि त्यांची तारीख घेऊन उठायला हवं, आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्याच कामांपासून व्हायला हवी. तुमचे कोच तर एका कोर्सचा सल्ला देतायत आणि तो कोर्सही विकतायत. हा उघड हितसंबंध आहे. नवऱ्याला 'नकारात्मक' ठरवणं आम्हाला त्याहून गंभीर वाटतं, कारण पगार थांबला तर घर कसं चालेल हे विचारणारं घरात दुसरं कोण आहे? आणि तीन-चार महिन्यांत कोचची गरज कमी व्हायला हवी. तुमची वाढलीय.

आपल्याकडे लाइफ कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, कोचला नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं आहेत, पण ती ऐच्छिक. त्यातल्या सर्वांत खालच्या, एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच) पातळीलाही किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. तुमच्या सरांकडे काय आहे ते विचारा. चिडले, तर तेच उत्तर समजा.

पैशांचं फोनवर बोलू नका, ईमेल करा. पॅकेजमध्ये एकूण किती भेटी, झाल्या किती, उरलेल्यांचे किती रुपये होतात आणि ते कोणत्या तारखेपर्यंत परत हवेत, एवढं लिहा. भरल्याची पावती आणि पॅकेजची माहिती देणारे मेसेज जोडा. करार केला असेल तर परताव्याचं कलम आधी वाचून घ्या. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. भेटींच्या नोंदी आणि रेकॉर्डिंग असतील तर ती कुणाला न दाखवता पुसून टाकावीत, हेही त्याच ईमेलमध्ये मागा.