पॅडल दाबलं की अंगठी चटके देते

प्रश्न : भोसरीत फाइल-फोल्डर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात प्लास्टिक जोडणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंग मशीनवर बसतो. पॅडल दाबलं की अंगठीखाली चटका बसतो, घोटे गरम होतात. डाय (साचा) बदलायला सोपं जावं म्हणून वरचा पत्रा काढून ठेवलाय. जवळ धरलेली ट्यूब वायरशिवाय पेटते, पोरांना त्याची गंमत वाटते. मालक शिशाचा एप्रन आणतो म्हणतात. लग्नाला वर्ष झालंय. कॅन्सरची भीती आहे का?
— एक वाचक

उत्तर : ट्यूब पेटते ती गंमत नाही, मशीनमधून रेडिओ लहरी बाहेर गळताहेत याची चहाडी आहे. तो पत्रा म्हणजेच तुमचं संरक्षण. आजच बसवून घ्या, आणि अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली नाही ना, हे वायरमनकडून बघून घ्या. तोवर पॅडलला पाय लावू नका.

ही मशीनं बहुधा 27.12 मेगाहर्ट्झवर चालतात. ज्या लहरीने पीव्हीसी आतून तापतं, तिनेच शरीरही तापतं. अंगात शिरलेला करंट पायांवाटे जमिनीत उतरतो. घोट्यात हाडच जास्त, त्यामुळे करंटला वाट अरुंद. म्हणून घोटे गरम. मी मध्यम लहरींच्या रेडिओ प्रक्षेपकावर नोकरी केली. एकदा तर्जनीवर डाळीएवढा पांढरा डाग पडला. झटका नाही, काही नाही. आधी वास आला, मग कळलं की आपलंच बोट. आतपर्यंत भाजलं होतं, भरायला तीन आठवडे गेले. अंगठी, कडं, घड्याळ घरी ठेवा. पायात रॉड किंवा छातीत पेसमेकर असलेल्याला तर त्या मशीनवर बसवूच नये.

शिशाचा एप्रन क्ष-किरणांसाठी असतो, इथे तो निव्वळ ओझं. ही लहर क्ष-किरणांसारखी अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, ते मुख्यतः मोबाइल वापराच्या अभ्यासांवरून. तुमच्यापुढचा आजचा प्रश्न उष्णतेचा. डोळ्याचं भिंग आणि वृषणं यांना उष्णता लवकर बाधते. मूल होण्यासाठी डॉक्टरांकडे गेलात तर मशीनचं जरूर सांगा, लाजू नका.

पत्रा बसवल्यावर ट्यूब विझली म्हणून निर्धास्त होऊ नका, लहरींचा जोर मीटरनेच मोजावा लागतो. मालक ऐकत नसतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. आणि बसायला लोखंडी स्टूल असेल तर ते बदलून लाकडी घ्या, पायाखाली जाड रबरी मॅट टाका.